‘वेदना’ पहिल्या क्रमांकावर कशी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या आरोग्य पुरवणीतली कर्करोगाच्या लक्षणांची चौकट वाचली. विषय घेतलात, त्याबद्दल आभार. पण तोंडाच्या कर्करोगात ‘तीव्र वेदना’ पहिल्या क्रमांकावर छापलीत, ते वाचून गप्प बसवेना. सुरुवातीचा तोंडाचा कर्करोग बहुतेक वेळा दुखतच नाही. दुखायला लागतो तोवर तो बऱ्याचदा खोल उतरलेला असतो. तुमची चौकट कापून ठेवणारा माणूस गालातल्या न दुखणाऱ्या चट्ट्याकडे बघून आता निर्धास्त होणार.

साधं तोंड येतं तेव्हा उलट असतं. ते झोंबतं, तिखट खाऊ देत नाही आणि आठवडा-दोन आठवड्यांत भरून येतं. तीन आठवड्यांत न भरलेली जखम मात्र दुखो वा न दुखो, दाखवायचीच. हात स्वच्छ धुऊन तिच्यावर बोट फिरवलं तरी फरक कळतो. साध्या जखमेखालचा भाग मऊ असतो. कर्करोगाच्या जखमेची कड उचललेली, बूड टणक, आणि जरा धक्का लागला की रक्त. पांढरा चट्टा कापडाने पुसून निघाला तर बहुधा बुरशीचा. न निघणारा असेल तर तपासणी हवी. आणि मखमलीसारखा लालभडक चट्टा दिसला तर एक दिवसही थांबू नये, कारण पांढऱ्यापेक्षा लाल चट्ट्यात कर्करोग सापडण्याची शक्यता कितीतरी जास्त.

आपल्याकडे सर्वांत सोपी खूण कुठली, तर तोंड उघडणं कमी होणं. चौकटीत तिचा उल्लेखही नाही! स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये जायला हवीत. दोनच जात असतील, तिखट सोसत नसेल, गालाच्या आत बोटाला ताठ दोऱ्या लागत असतील, तर तो सुपारीचा परिणाम. खर्रा, मावा, गुटखा, पानमसाला, सगळ्यांत सुपारी आहेच. या ताठरलेल्या गालात पुढे कर्करोग होऊ शकतो, म्हणून सुपारी त्याच दिवशी बंद आणि दर काही महिन्यांनी तपासणी. गाल पुन्हा पहिल्यासारखा मऊ होईल अशी आशा कुणी दाखवू नये. पण सुपारी सुटली तर पुढचं नुकसान कमी होतं.

चित्र छापलंत सिगारेटचं. आपल्या गावांतल्या बायका सिगारेट ओढत नाहीत, मिश्री लावतात. भाजलेल्या तंबाखूची ती पूड सकाळ-संध्याकाळ हिरड्यांवर घासली जाते. पुरुष तंबाखूचा बार खालच्या ओठाशी नाहीतर गालात धरतात. बार जिथे रोज बसतो तिथेच चट्टा उठतो, त्यामुळे आपल्याकडे गाल आणि खालची हिरडी यांच्या खाचेतला कर्करोग इतका दिसतो. आरशासमोर उजेडात, कवळी काढून, ती खाच गाल ओढून बघायची. मग जिभेचं टोक रुमालात धरून एकेका बाजूला ओढायचं आणि कडा बघायच्या, जीभ टाळूला लावून खालचा भाग बघायचा, शेवटी जबड्याखाली आणि मानेत गाठ चाचपायची. महिन्यातून एकदा पाच मिनिटं पुरतात.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते हलणाऱ्या दातामुळे. बाकीच्या हिरड्या ठीक असताना एक-दोनच दाढा अचानक हलू लागल्या, तर आधी एक्स-रे काढून हिरडी नीट तपासायला हवी. त्याऐवजी दाढ उपटली जाते, खड्डा भरत नाही, प्रतिजैविकं दिली जातात, मग दुसरं मलम, मग जीवनसत्त्वाच्या गोळ्या, आणि दोन-तीन महिने हातचे जातात. टोकदार दातामुळे झालेली जखम असेल तर दात घासून गुळगुळीत करावा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बघावं. तरीही जखम तशीच असेल तर जखमेचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवावा (बायोप्सी), मलम बदलू नये.

त्या तुकड्याचीच लोकांना भीती. ‘हात लावला की पसरतो’ असं घरोघरी ऐकू येतं आणि तुमच्या लेखात त्याचं खंडन नाही. जागेवर भूल देऊन घेतलेल्या छोट्या तुकड्याने कर्करोग पसरत नाही. तुकडा जखमेच्या कडेचा हवा. मधला मेलेला भाग घेतला तर अहवाल अर्धवट येतो. काढलेला तुकडा लगेच 10 टक्के फॉर्मेलिन या टिकवणाऱ्या द्रावणात टाकायचा, सलाइनमध्ये ठेवला तर कुजतो. अहवालात काही आलं नाही आणि जखम मात्र संशयास्पदच दिसते, तर पुन्हा तुकडा घ्यायचा.

हे सगळं नुसत्या नजरेने सापडतं. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात 1996 पासून प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर तोंडं तपासली. तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू 34 टक्क्यांनी कमी झाल्याचं 2005 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तिशीपुढच्यांची ही तपासणी आता सरकारी कार्यक्रमातही आहे. आपल्या आरोग्य केंद्रात ती मिळते, एवढं तरी चौकटीत यायला हवं होतं.

आणखी एक. त्याच पुरवणीच्या शेवटच्या पानावर अर्धं पान ‘तंबाखूमुक्त’ पानमसाल्याची जाहिरात आहे. नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच जाहीर केलं. 2012 मध्ये गुटखाबंदी झालेल्या राज्यातल्या वृत्तपत्राने आरोग्याच्या पानांवर अशी जाहिरात घेऊ नये, ही कळकळीची विनंती.

चौकटीची दुरुस्ती पुढच्या आठवड्यात त्याच पानावर, त्याच आकारात छापावी. आत कुठेतरी दोन ओळींचं शुद्धिपत्र दिलंत तर ते कुणी वाचणार नाही.

कळावे,
एक दंतवैद्य, सोलापूर