ऐकलेलं पुसा, पण ऐकण्याचा हुकूम जपा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महसूल खात्यात एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची नऊ अभिलेख कक्षात. खोलीभर लोखंडी मांडण्या, त्यांवर लाल रुमालात बांधलेले गठ्ठे आणि प्रत्येक गठ्ठ्यावर चिठ्ठी : शाखा, वर्ष, वर्ग. ‘अ’ म्हणजे कायम, ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ दहा, ‘ड’ एक. मुदत संपलेली संचिका फाडायची तर आधी यादी करायची, तिच्यावर साहेबांची सही घ्यायची आणि मगच नाश करायचा. संचिका जायची, यादी मात्र आम्ही जपून ठेवायचो. दहा वर्षांनी कुणी विचारत आला तर ‘अमुक तारखेला, अमुक सहीने नाश केली’ एवढं तरी सांगता यायला हवं, हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं. आज लिहायला बसलो ते या यादीमुळेच.

मागच्या अतिवृष्टीनंतर आमच्या शिवारातले काही गट पंचनाम्यातून वगळले गेले. पुतण्याचं सोयाबीन त्यातच होतं. ‘वगळण्याचा आदेश कोणी, कधी दिला, त्याची प्रत द्या’ असा साधा माहिती अधिकाराचा अर्ज केला. उत्तर आलं, ‘मागितलेली माहिती अभिलेखात आढळून येत नाही.’ चौकशी केली तेव्हा कळलं, की सूचना व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आली होती. पुढे अधिकाऱ्यांची बदली झाली आणि ग्रुप बंद पडला. त्या ग्रुपमधल्या एका कर्मचाऱ्याने मला त्याचा फोन दाखवला. त्या दिवशीच्या तारखेखाली मेसेज डिलीट केल्याच्या करड्या ओळी होत्या, एकाखाली एक, सात. मी त्या मोजल्या. ज्या हुकुमावर बावीस कुटुंबांची भरपाई अडली, तो कुठल्याच वर्गात बसला नाही, कुठल्याच यादीवर आला नाही आणि कुणाच्याच सहीने नष्ट झाला नाही.

कायदा कमी पडतो असं नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात ‘माहिती’च्या व्याख्येतच ई-मेल हा शब्द आहे. केंद्राच्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने संगणकातून किंवा इतर कुठल्याही उपकरणातून निघालेलं साहित्य अभिलेखात धरलं आहे आणि बेकायदा नाश केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. सरकारी कामाला सरकारीच ई-मेल वापरावा, हे केंद्राचं धोरण २०१५ पासून आहे. महाराष्ट्राचा स्वतःचा सार्वजनिक अभिलेख अधिनियमही २००५ चा आहे. तरीही रोजचा कारभार खासगी फोनवर गेला आणि दप्तर तिथवर पोहोचलंच नाही.

आता नागरिकाच्या बाजूने पाहा. आपण कुणाला, कधी, किती वेळ फोन केला याचा तपशील दूरसंचार कंपन्यांनी दोन वर्षं ठेवायचा असतो. २०२१ च्या डिसेंबरमध्ये परवान्याची अट बदलून ही मुदत एका वर्षावरून दोनवर नेली. आणि सरकारने आपला फोन ऐकण्याचा हुकूम काढला, तर? त्या हुकुमाचे आणि ऐकलेल्या संभाषणाचे कागद, पुढे गरज नसेल तर, दर सहा महिन्यांनी नष्ट करायचे असा नियम आहे. टेलिग्राफ नियमांतला जुना नियम ४१९-अ, त्याच्या जागी आलेले २०२४ चे दूरसंचार नियम आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २००९ चे नियम, सगळीकडे हेच. ज्याचं बोलणं ऐकलं त्याला नंतरही काही कळवायचं नाही.

यातला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. कुणाच्या घरातलं बोलणं, नवराबायकोचं भांडण, आजारपणाची कुजबुज सरकारी कपाटात पडून राहू नये. ते पुसलंच पाहिजे, सहा महिनेही कशाला थांबायचं! पण हुकूम हा नागरिकाचा खासगी कागद नव्हे. ती शासनाची कृती आहे. तिच्यावर पद आहे, सही आहे, कारण लिहिलेलं आहे. दोन्ही एकाच टोपलीत टाकले, की नागरिकाच्या खासगीपणाच्या नावाने अधिकाऱ्याची सही पुसली जाते.

याचा परिणाम काय होतो बघा. २०१८ मध्ये दिल्लीतल्या एका वकिलाने केंद्रीय गृह मंत्रालयाला विचारलं, की इलेक्ट्रॉनिक पाळतीचे किती आदेश निघाले? नावं नव्हती मागितली, फक्त आकडे. आधी राष्ट्रीय सुरक्षेचं कारण सांगून नकार मिळाला. अपिलं झाली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि त्या ओघात उत्तर मिळालं, की जुने कागद नियमाप्रमाणे नष्ट झाले आहेत. न्यायमूर्ती श्रीकृष्ण (मुंबईकरांना त्यांचा दंगलींचा अहवाल आठवत असेल) यांच्या समितीने २०१८ च्या विदासंरक्षण (डेटा संरक्षण) अहवालात लिहिलं आहे, की दोन महिन्यांतून एकदा बसणाऱ्या आढावा समितीपुढे प्रत्येक बैठकीत पंधरा ते अठरा हजार आदेश तपासायचं अशक्य काम असतं. या आढावा समितीत सचिवच असतात, न्यायाधीश एकही नाही. मी आयुष्यभर संचिका तपासल्या आहेत. एका बैठकीत एवढ्या संचिका कुणी वाचू शकत नाही.

उलट उदाहरणही आपल्याच मुंबईतलं आहे. एका व्यावसायिकाच्या फोनबाबतचे २००९-१० चे तीन आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये रद्द केले. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न नसताना ते काढले होते, असं न्यायालयाने म्हटलं आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. खटला उभा राहिल्यामुळे ते आदेश टिकले, दहा वर्षांनी न्यायाधीशांच्या टेबलावर आले आणि म्हणूनच तपासता आले. ज्यांच्यावर खटलाच झाला नाही, त्यांच्या बाबतीत तपासायला काय उरतं?

दहशतवादाशी लढताना गुप्तता लागते, हे २६/११ पाहिलेल्या राज्यात कुणाला सांगायला नको. म्हणून हुकूम लगेच उघड करा असं मी म्हणत नाही. मोहोरबंद लखोट्यात ठेवा, ‘ब’ वर्गात टाका, तीस वर्षं. वर्षाकाठी किती आदेश निघाले एवढा आकडा विधिमंडळापुढे ठेवा. आणि तपास संपल्यावर, ज्यांच्याविरुद्ध काहीच निघालं नाही त्यांना तसं कळवा.

आणखी एक काळजी आहे. वैयक्तिक विदासंरक्षणाच्या नव्या कायद्याने माहिती अधिकारातलं, खासगी माहिती देण्यापासून सूट देणारं कलम ८(१)(ञ) बदललं आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, हा त्यातला आधार गेला. व्यापक जनहिताचं कलम ८(२) अजून आहे, पण आता त्यासाठी भांडावं लागेल ते अर्जदाराला.

फोन ऐकण्याचे नियम केंद्राचे आहेत, ते बदलायला आपल्या खासदारांनी आवाज उठवावा. दप्तर मात्र राज्याचं आहे. ज्या मेसेजवर निर्णय झाला किंवा थांबला, तो सात दिवसांत संचिकेत लावावा. त्यावर तारीख आणि पाठवणाऱ्याचं पद असावं. बदलीच्या वेळी कार्यभार सोपवताना अशा मेसेजची यादी सही करून द्यावी. कार्यालयीन ग्रुपवर आपोआप पुसले जाणारे मेसेज बंद असावेत. याला नवा कायदा लागत नाही, सामान्य प्रशासन विभागाचं दीड पानी परिपत्रक पुरेल. पुढच्या पावसाळ्यातले पंचनामे सुरू होण्याआधी ते निघावं, अशी माझी मागणी आहे.

आपला,
एक निवृत्त अभिलेखपाल