आई-बाबांना पत्र: क्लबचा ऑक्टोबर

पुणे
रविवार, २७ सप्टेंबर २०२६

तीर्थरूप आई-बाबांना,
शि. सा. न.

बाबा, तुम्ही पाठवलेला तुमच्या नाशिकच्या क्लबचा ऑक्टोबरचा कार्यक्रम दोनदा वाचला. १ तारखेला रक्तदान, ८ ला त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हरसूलला नेत्रतपासणी, १० ला मासिक सभा, १५ ला वाचन प्रेरणा दिन, २४ ला पोलिओ दिन. सभा सोडली तर प्रत्येक तारीख कुठल्या ना कुठल्या दिनाला बांधलेली आहे. दिन पाहून तारीख ठरवली की फोटो वेळेवर निघतात, पण रक्त लागतं तेव्हा पिशवी नसते आणि डोळ्यांचे पेशंट शेतात असतात. ज्याच्यासाठी काम करायचं त्याच्या सोयीने तारीख घ्या. तुम्ही सचिव आणि आई खजिनदार आहात तोवर हा बदल सहज करता येईल, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात आधी चेंज रिपोर्ट, कारण त्याला चारच दिवस उरलेत. नवी कार्यकारिणी ५ जुलैच्या सभेत निवडली गेली. विश्वस्त किंवा पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. ते ९० दिवस शनिवारी, ३ ऑक्टोबरला भरतात, आणि आदल्या दिवशी गांधीजयंतीची सुट्टी आहे. तेव्हा शेवटची तारीख गुरुवार, १ ऑक्टोबर हीच धरा. सोबत सभेची नोटीस, ती सभासदांना पोचल्याचा पुरावा, सह्यांचं हजेरीपत्रक, ठरावाची प्रत आणि नव्या मंडळींची संमतीपत्रं लागतील. बहुतेक वेळा अडतं ते ठरावाच्या भाषेवर. ‘सर्वानुमते निवड झाली’ एवढ्यावर भागत नाही. कुणाच्या जागी कोण, सूचक कोण, अनुमोदक कोण, हे नावानिशी हवं. हजेरीपत्रकावरच्या सह्या गणपूर्तीपेक्षा कमी भरल्या तर पुढचं सगळंच लटकतं, म्हणून त्या आजच मोजा. मुदत हुकली तर विलंब माफीचा वेगळा अर्ज करावा लागतो. आई, बँकेत तुझी सही चढवतानाही हेच कागद मागतील.

आता सभा. १० ऑक्टोबर हा दुसरा शनिवार, पण त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या आहे. तुमच्या क्लबात साठीच्या पुढची मंडळी जास्त. कुणाच्या घरी पान असेल, कुणी जेवायला जाणार असेल. ११ ला घटस्थापना, आणि तिथून दसऱ्यापर्यंत कालिका मातेच्या यात्रेमुळे मुंबई नाक्याकडचा रस्ता संध्याकाळी गर्दीचा असतो. हॉल त्याच बाजूला आहे. म्हणून सभा शुक्रवारी, ९ तारखेला संध्याकाळी ६ वाजता घ्या. सात पूर्ण दिवसांची नोटीस द्यायची तर ती १ तारखेला गेली पाहिजे. कार्यक्रमपत्रिकेत मागील इतिवृत्त कायम करणे, सप्टेंबरचा जमाखर्च, रक्तदान शिबिराचा खर्च मंजूर करणे आणि हरसूलचं नियोजन हे चार विषय पुरेत. खर्चाचा कुठलाही ठराव ‘आयत्या वेळच्या विषयां’त घेऊ नका. जे सभेला आले नव्हते त्यांना तो कळलेलाच नसतो, आणि वाद तिथूनच सुरू होतात. इतिवृत्त त्याच रात्री लिहून काढा. आठ दिवसांनी लिहिलेल्या इतिवृत्तात जे बोललं गेलं त्यापेक्षा जे आठवलं तेच उतरतं. नोव्हेंबरचा दुसरा शनिवार १४ तारखेला येतो. भाऊबीज ११ ला असल्याने निम्मी मंडळी तेव्हा गावी असतील, म्हणून ती सभा २१ लाच जाहीर करा.

रक्तदान हा महिन्याचा मुख्य कार्यक्रम, आणि त्याचीच तारीख बदलणं सगळ्यात गरजेचं आहे. १ ऑक्टोबर हा राष्ट्रीय ऐच्छिक रक्तदान दिन असल्याने त्या दिवशी शहरात बरीच शिबिरं होतात. साध्या पिशवीतलं रक्त ३५ दिवस टिकतं. लाल पेशी वेगळ्या करून पोषक द्रावणात ठेवल्या तर ४२ दिवस, आणि प्लेटलेट तर फक्त ५ दिवस. १ तारखेला गोळा केलेल्या साध्या पिशवीची मुदत ५ नोव्हेंबरला संपते; लक्ष्मीपूजन ८ ला आहे. दिवाळीत कॉलेजं बंद, कारखान्यांना सुट्ट्या, दाते बाहेरगावी, म्हणून शिबिरं फारशी होत नाहीत. थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच, आणि अपघात व बाळंतपणं सण बघत नाहीत. रविवारी, २५ ऑक्टोबरला शिबिर घेतलंत तर तेच रक्त २९ नोव्हेंबरपर्यंत वापरता येईल, म्हणजे पूर्ण दिवाळी आणि तुळशीच्या लग्नापर्यंतचे दिवस त्यात येतात. नवरात्रात घेऊ नका, कारण उपाशीपोटी रक्त द्यायचं नसतं आणि उपवासाचे लोक ऐनवेळी परत जातात. २५ ला रात्री कोजागिरी आहे, सकाळी ९ ते १ च्या शिबिराला तिची काही अडचण नाही.

दाते कुठून आणायचे तेही या तारखेवरच ठरतं. पुरुषांना दोन रक्तदानांमध्ये ९० दिवस सोडावे लागतात, स्त्रियांना १२०. म्हणजे २७ जुलैनंतर रक्त दिलेले पुरुष आणि २७ जूननंतर दिलेल्या स्त्रिया यादीतून वगळा. १५ ऑगस्टच्या शिबिरातले दाते चालणार नाहीत, त्यांना उगाच फोन करू नका. १४ जूनच्या शिबिराचं रजिस्टर काढा. त्यातले सगळे, बायकासुद्धा, २५ पर्यंत पात्र होतात. ६० पिशव्या हव्या असतील तर निदान ९० जणांचा होकार घ्या. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ हवं. ४५० मिलीच्या पिशवीसाठी वजन ५५ च्या वर लागतं, नाहीतर ३५० मिलीच घेतात. बायका हिमोग्लोबिनवर जास्त गळतात. त्यांना ‘तुमचं रक्त चालत नाही’ असं चारचौघांत सांगू नये. आकडा लिहिलेली चिठ्ठी हातात द्यावी आणि डॉक्टरांना दाखवायला सांगावं. वर्षभरात गोंदवून घेतलेल्यांना थांबवतात. डेंग्यू, मलेरिया होऊन गेलेल्यांनाही काही महिने थांबावं लागतं, आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हा त्याच तापांचा हंगाम असल्याने फोनवरच विचारून घ्या.

जागा तळमजल्यावरचीच घ्या. चार खाटा ठेवल्या तर खाटेमागे एका दात्याला चढण्या-उतरण्यासकट पंधरा मिनिटं लागतात, म्हणजे तासाला १६ आणि चार तासांत ६४ जण. ६० पिशव्यांचा अंदाज इथे बरोबर बसतो. पण नोंदणीचं एकच टेबल ठेवलंत तर सगळे १० वाजता येतील, तासभर रांग लागेल आणि रविवारच्या कामांची आठवण होऊन माणसं निघून जातील. म्हणून दोन टेबलं ठेवा आणि फोन करतानाच अर्ध्या अर्ध्या तासाच्या वेळा वाटून द्या. डॉक्टर प्रश्न विचारतात ती जागा मात्र आडोशाला हवी, निदान पडदा लावून. शेजारच्याला ऐकू जात असेल तर माणूस खरं उत्तर देत नाही, आणि दुसऱ्याला चढणाऱ्या रक्तासाठी ती उत्तरं खरी असावी लागतात. याच कारणासाठी दात्यांना भेट म्हणून मिक्सर-बॅगा वाटायचा विचार डोक्यातून काढा. वस्तूसाठी आलेला माणूस आजार लपवतो. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस (गुप्तरोग) आणि मलेरियासाठी तपासणी होते, आणि निकाल रक्तकेंद्र फक्त त्या दात्याला गुप्तपणे कळवतं. क्लबने ती यादी कधीही मागू नये.

आई, खरेदीचं तुझ्याकडे: २० लिटरचे पाण्याचे चार जार, स्टीलचे पेले, आठ डझन केळी, ग्लुकोज बिस्किटं, आणि चहाऐवजी लिंबूसरबत. रक्त देण्याआधी प्रत्येकाला दोन पेले पाणी पाजायचं. चक्कर येण्याचं प्रमाण त्याने कमी होतं. नंतर दहा-पंधरा मिनिटं बसवून ठेवायचं, जिने चढू द्यायचे नाहीत. कुणाला गरगरलंच तर लगेच आडवं करून पाय उंच करायचे. उभं धरून वारा घालत बसायचं नाही. हात कोपरात दुमडून धरला की सुईची जागा काळीनिळी पडते, म्हणून हात सरळ ठेवून पाच मिनिटं बोळा दाबायला सांगायचं. हे सांगायला एक माणूस शेवटच्या खुर्चीपाशी फक्त त्याच कामासाठी उभा करा. तुम्हा दोघांचं वय ६५ च्या पुढे गेलंय, तेव्हा बाबांनी हट्टाने खाटेवर झोपायचं नाही.

हरसूलच्या नेत्रशिबिराबद्दल. ८ ऑक्टोबर हा जागतिक दृष्टिदिन खरा, पण तपासणी हरसूलच्या आठवडे बाजाराच्या दिवशी ठेवा, कारण पाड्यांवरची म्हातारी माणसं त्या दिवशी तशीही येतात. वार कुठला ते तिथल्या आशा सेविकांना विचारून पक्कं करा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया मात्र ऑक्टोबरात नकोतच. भात कापणीला येतं, नागली मागोमाग. घरात सोबतीला यायला कुणी मोकळं नसतं, आणि ऑपरेशन झालेली आजी चार दिवसांत विळा घेऊन खळ्यावर दिसते. धूळ, तूस आणि नुकता कापलेला डोळा एकत्र येऊ देऊ नका. २३ नोव्हेंबरच्या आठवड्यात शस्त्रक्रिया घ्या. मधला महिना वाया जात नाही. ज्यांचा रक्तदाब किंवा साखर वाढलेली आढळेल त्यांना गोळ्या सुरू होऊन ती आटोक्यात यायला तेवढा वेळ लागतोच. किती साखरेपर्यंत आणि किती रक्तदाबापर्यंत ऑपरेशन करणार, हे हॉस्पिटलकडून आकड्यांत लेखी घ्या. नाहीतर वाघेरा घाटातून आणलेले पेशंट सकाळी तसेच परत न्यावे लागतात, आणि त्या पाड्यावरून पुन्हा कुणी येत नाही.

तपासणीला सहा मीटर मोकळी सरळ जागा, अक्षर न येणाऱ्यांसाठी इंग्रजी ई च्या आकाराचा तक्ता, अंधारी खोली आणि वीज गेली तर बॅटऱ्या लागतील. कार्डावर नाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, गाव, पाडा, शेजाऱ्याचा फोन आणि कुठला डोळा, हे सगळं लिहा. एका पाड्यावर एकाच नावाच्या तिघी सापडतात. डोळा ‘उजवा’ किंवा ‘डावा’ असा अक्षरांत लिहायचा आणि नेण्याच्या दिवशी त्याच बाजूच्या कपाळावर चिकटपट्टी लावायची. अश्रूपिशवीतून पू येणारे, खोकल्याची उबळ असलेले आणि रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणारे यांची नावं वेगळ्या कागदावर डॉक्टरांपुढे ठेवा.

यातला सर्वांत दुर्लक्षित भाग नंतरचा आहे. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर तपासणी, मग आठवड्याने, मग महिना-दीड महिन्याने चष्म्याचा नंबर. ऑपरेशनला गाडी असते, पण आठवड्याच्या तपासणीला क्लबकडे गाडी नसते, हे बऱ्याच ठिकाणी होतं. ९ तारखेच्या सभेत तीनही फेऱ्यांचा गाडीखर्च एकदमच मंजूर करून घ्या. थेंब महिनाभर घालायचे असतात आणि म्हातारीला स्वतःच्या डोळ्यात ते घालता येत नाहीत. घरातलं शाळेत जाणारं नातवंड बोलावून, साबणाने हात धुऊन थेंब कसा टाकायचा ते त्याच्याकडून करवून घ्या. चुलीचा धूर नको, डोक्यावरून आंघोळ नको, हंडा उचलायचा नाही. डोळा ठणकायला लागला, लाल झाला किंवा आलेली नजर पुन्हा अंधूक झाली तर त्याच दिवशी फोन करायचा. आत जंतुसंसर्ग झाला तर एका रात्रीनेही डोळा जाऊ शकतो. हा फोननंबर मोठ्या अक्षरात कार्डाच्या मागे छापा, आणि तो उचलणारा माणूस आधी ठरवा.

वाचन प्रेरणा दिनाला भाषण नको. शाळेत पुस्तकं द्यायची तर आधी मुख्याध्यापकांकडून इयत्तांप्रमाणे यादी घ्या. घराघरांतून गोळा केलेली जुनी पुस्तकं कपाटातच पडून राहतात. २४ ला पोलिओ दिनाची फेरी काढायची तर काढा. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला, पण पाकिस्तान-अफगाणिस्तानात विषाणू अजून आहे, म्हणून डोस चालू आहेत, एवढं फलकावर लिहा. पण २४ ची संध्याकाळ मोकळी ठेवा, दुसऱ्या दिवशी शिबिर आहे. ३१ ला रामकुंडावर सिंहस्थाचं ध्वजारोहण असल्याने पंचवटीत त्या दिवशी काहीही ठेवू नका.

१४ जूनचं रजिस्टर पुढच्या रविवारी घेऊन बसा. रात्री ९ ला फोन करते, नावं मिळून काढू आणि कुणी कुणाला फोन करायचा ते वाटून घेऊ.

तुमची लेक

ता. क. आई, दोन हजारांवरची देणगी रोख घेऊ नकोस. देणाऱ्याला करसवलत मिळत नाही आणि पावती फाडून झाल्यावर ती बदलता येत नाही. चेक किंवा बँकेतूनच घे आणि पावतीवर पॅन तेव्हाच लिहून घे.