माजी होईपर्यंत थांबायचं का साहेब? माजी सैनिक कल्याण मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्रीसाहेब,
माजी सैनिक कल्याण, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

साहेब मी करवीर तालुक्यातल्या एका गावातनं लिहितेय. आमचे हे मराठा लाईट इन्फंट्रीत हवालदार आहेत, 17 वर्षं सर्व्हिस झाली, सध्या वरती जम्मू-काश्मीरकडं आहेत, नेमकं कुठं ते मला माहीत नाही आणि मी विचारत पण नाही. सासरे वारल्यावर जमिनीचं भाऊबंदकीत सुरू झालं, त्यात काय नवीन नाही, घरोघरी हेच आहे. पण ज्या घरातला माणूस बॉर्डरवर आहे त्या घराचं काय होतं ते तुम्हाला कळावं म्हणून हे पत्र.

2025 च्या मे महिन्यात हे सुट्टीवर आले होते, खास सुनावणीसाठी सुट्टी टाकली होती. वाटणीच्या फेरफारावर, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नोंदीच्या बदलावर, आम्ही हरकत घेतलेली आणि पुढच्या आठवड्यात मंडल अधिकाऱ्यासमोर तारीख होती. 7 मे ला ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि युनिटमधनं फोन आला, लगेच निघा. सकाळी अर्धं गाव कोल्हापूरच्या शाहू महाराज टर्मिनस स्टेशनवर सोडायला आलं, हार घातले, बायकांनी ओवाळलं, पोरं भारतमाता की जय म्हणत होती, माझी धाकटी त्यांच्या बॅगेला धरून उभी होती ती सोडेना. मला त्या दिवशी खरंच अभिमान वाटला साहेब, डोळ्यातलं पाणी थांबत नव्हतं.

आणि पुढच्या आठवड्यात मी एकटी तारखेला गेले, हातात युनिटचं पत्र, त्यावर शिक्का सही सगळं. तिथल्या माणसानं पत्र बघितलं, फाईलला लावलं आणि म्हणाला पार्टी हजर पाहिजे नाहीतर मुखत्यारपत्र आणा. मी म्हटलं अहो ते परवा गेलेत, टीव्हीवर बघताय की तुम्ही पण. तो म्हणाला ताई ते बरोबर आहे पण आम्हाला तसं काही लेखी नाही. नंतर नक्कल काढली तर त्यात लिहिलेलं, जाबदेणार क्र. 2 (म्हणजे हे) गैरहजर. गैरहजर हा शब्द बघून मला जे वाटलं ते मी लिहू शकत नाही. नोंद मंजूर झाली, आता प्रांत अधिकाऱ्याकडं अपील चालू आहे.

कुणा एका क्लार्कला दोष द्यायचा नाही मला, त्याला खरंच कुणी काही लेखी दिलेलं नसेल. पण साहेब कायदा तर आहे! आमच्या गल्लीतल्या रिटायर सुभेदार काकांनी सांगितलं म्हणून मला कळलं, 1925 चा सैनिकांच्या दाव्यांबाबतचा कायदा आहे, 100 वर्षं झाली त्याला. सैनिक युद्धाच्या किंवा विशेष परिस्थितीत ड्युटीवर असेल तर त्याच्याविरुद्धचं काम थांबवता येतं, त्याच्या माघारी एकतर्फी हुकूम झाला तर तो रद्द करून मागता येतो, मुदतीतनं तेवढा काळ वगळला जातो. आणि सैनिक हजर राहू शकत नाही असं दिसलं तर कलेक्टर स्वतः कोर्टाला तसं कळवू शकतात. दिवाणी कोर्ट आणि महसूल कोर्ट दोन्हीला लागू आहे. आर्मी ॲक्टमध्ये पण आहे की सैनिक केससाठी सुट्टीवर आला असेल तर शक्यतो त्या सुट्टीतच त्याचं काम ऐकून संपवावं. एवढं सगळं असून आम्हाला तारखेला कोण सांगत नाही, आणि आपण सांगितलं तर समोरचा म्हणतो असं काय असतंय होय.

म्हणून माझी मागणी अशी आहे. मंडल अधिकाऱ्यासमोरची हरकत या कायद्यात बसते का नाही यावर आम्ही गरिबांनी वकील लावून भांडत बसण्यापेक्षा राज्यानं सरळ शासन निर्णय काढावा, महसूल खातं तर राज्याचंच आहे. सेवेतल्या सैनिकाचं नाव सातबाऱ्यावर असेल तर फेरफाराची नोटीस घरी चिकटवून 15 दिवस मोजायला सुरुवात करू नका, युनिटला पाठवा, त्याला पोचू दे. पोस्ट 56 एपीओ वरनं, म्हणजे आर्मीच्या पोस्ट ऑफिसातनं, फिरून जाते, 15 दिवस त्याच्यातच जातात. युनिटचं पत्र दिलं की तारीख पुढं गेलीच पाहिजे, आणि हे फक्त युद्धापुरतं नको, जिल्ह्याबाहेर पोस्टिंग असलेल्या सगळ्यांना द्या, जैसलमेरला असलेला माणूस पण दर तारखेला कोल्हापूरला येऊ शकत नाही. बायकोला किंवा आईबापाला युनिटच्या दाखल्यावर म्हणणं मांडू द्या.

दुसरं म्हणजे तुमच्या खात्याच्या नावातच माजी आहे. माजी सैनिकांसाठी राज्यानं केलंय, ते मी नाकारत नाही, 2020 ला माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांची घरपट्टी माफ झाली, माझ्या चुलत सासऱ्यांना फायदा झाला. पण माणूस माजी व्हायच्या आधीची 17-20 वर्षं त्याचं घर कोण बघतंय? अग्निवीर पोरांचं तर अजून अवघड, 4 वर्षं करून 100 तले जास्तीत जास्त 25 कायम राहणार आणि बाकीच्यांना पेन्शन नाही. आमच्या गावातली पोरं पहाटे 4 ला उठून रस्त्यानं पळत भरतीची तयारी करतात, ती बाहेर पडतील तेव्हा राज्याच्या सवलतीत त्यांना माजी सैनिक धरणार का नाही ते आत्ताच लिहून द्या, पहिली बॅच सुटायची वेळ आलीच आहे.

2019 च्या महापुरात शिरोळ तालुक्यात आर्मीच्या, नेव्हीच्या बोटी आल्या, माझी आई कुरुंदवाडची, तिला बोटीतनं काढलं. ज्यांनी काढलं त्यांची पण कुठंतरी गावं असतील, घरं असतील, बांधावरनं भांडणं चालू असतील. त्यावेळी आमच्याकडं कुणी त्यांना मुखत्यारपत्र विचारलं नाही.

आता कोल्हापुरात 18 ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच पण सुरू झालंय, वकील म्हणतात वेळ आली तर तिथं जाऊ. पण मला हायकोर्टात जायचं नाही साहेब, मला फक्त तालुक्याच्या टेबलावर एक कागद पाहिजे जो मी दाखवला की समोरचा माणूस वाचेल आणि गैरहजरच्या जागी ड्युटीवर असं लिहील. प्रांताकडं पुढच्या महिन्यात तारीख आहे. ह्यांना सुट्टी मिळेल का नाही माहीत नाही, मी युनिटचं पत्र घेऊन जाणारच आहे.

आपली,
एका हवालदाराची बायको
ता. करवीर, जि. कोल्हापूर