काकांचा सीए १९-९ रिपोर्ट

नेरूळ, नवी मुंबई

प्रिय मंदार,

स. न. वि. वि.

काकांच्या सीए १९-९चे, म्हणजे कर्करोगाच्या गाठीमुळे रक्तात वाढू शकणाऱ्या द्रव्याचे, दोन्ही रिपोर्ट नीट पाहिले. आधी एकच सांग: त्यांना ताप आहे का? थंडी वाजून ताप, गडद लघवी, अंगाला खाज, पांढरट शौच, यातलं काहीही असेल तर पत्र बाजूला ठेव आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी, कॅज्युअल्टीत ने. स्टेंट, म्हणजे पित्तनलिकेत बसवलेली नळी, तुंबून तिथे जंतुसंसर्ग झाला तर तो झपाट्याने रक्तात पसरतो, आणि केमोमुळे पांढऱ्या पेशी कमी असतील तर अधिकच. ताप उतरवायची गोळी देऊन वाट बघायची नाही.

ताप नसेल तर आकड्यांकडे वळू. आधी ३१०, आता ३७२, म्हणून केमो लागू पडत नाही असं तू धरून बसलायस. पण पहिला रिपोर्ट खारघरच्या हॉस्पिटलचा, दुसरा नौपाड्यातल्या लॅबचा. तळाशी बारीक अक्षरात पद्धत लिहिलेली आहे बघ: एकीकडे ईसीएलआयए, दुसरीकडे सीएमआयए. किट बदललं की अँटिबॉडी आणि कॅलिब्रेशन बदलतं, त्यामुळे त्याच रक्ताचा आकडाही बराच वेगळा येऊ शकतो. म्हणून ही वाढ खरी की पद्धतीतल्या फरकाची, हे या दोन कागदांवरून ठरत नाही.

दुसरं म्हणजे, नौपाड्यात बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारं पित्तातलं द्रव्य, तपासलेलंच नाही. सीए १९-९ पित्तातून बाहेर पडतं. वाट अडली की ते रक्तात साठतं, शिवाय सुजलेल्या पित्तनलिकेच्या पेशीही ते जास्त बनवतात. स्टेंटआधी काकांचं १,२४० होतं, पण तेव्हा बिलिरुबिन ११ होतं. त्यात गाठीचा वाटा किती आणि काविळीचा किती, हे वेगळं काढता येत नाही. त्यामुळे तुलनेसाठी धरायचा पहिला आकडा ३१०च, कारण तो बिलिरुबिन १ वर आल्यानंतरचा आहे. स्टेंट प्लास्टिकचा आहे का ते विचारून ठेव. प्लास्टिकचा साधारण तीन महिन्यांत गाळाने तुंबू लागतो, धातूचा त्याहून जास्त टिकतो.

पुढची तपासणी खारघरलाच कर. केमोआधी सीबीसीसाठी (रक्तपेशींची मोजणी) रक्त काढतातच, त्याच वेळी ही द्यायची. ठाण्याहून पनवेल लोकलची वेगळी खेप पडणार नाही. पिवळ्या टोपीच्या जेल ट्यूबमध्ये ३ ते ५ मिली रक्त पुरतं, उपाशी राहावं लागत नाही. सोबत लिव्हर फंक्शन टेस्ट हवीच, बिलिरुबिन त्यातच येतं. केसांसाठीच्या गोळ्यांत बऱ्याचदा बायोटिन असतं. जास्त डोस चालू असेल तर काही किटवर आकडा खोटा कमी येतो. डॉक्टरांना सांगून दोन-तीन दिवस आधी बंद करा.

दर केमोला ही टेस्ट करायची गरज नसते. सीटी स्कॅनच्या सुमारास केली तर अर्थ लागतो. केमोच्या सुरुवातीला काहींमध्ये आकडा तात्पुरता चढतो आणि मग उतरतो. त्याच लॅबमध्ये, बिलिरुबिन नॉर्मल असताना, लागोपाठ दोन-तीनदा चढत गेला तर मात्र डॉक्टर गंभीरपणे घेतील. तेव्हाही औषध बदलायचं की नाही हे स्कॅन, वजन, भूक आणि दुखणं मिळूनच ठरतं.

ताई स्वतःचीही ही टेस्ट करणार म्हणतेय, तिला थांबव. ३७ यू/एमएल या नॉर्मल मर्यादेच्या वर तो आकडा पित्तखडे, स्वादुपिंडाची सूज, सिरॉसिस, अगदी आवाक्याबाहेरच्या मधुमेहातही जातो. उलट गाठ लहान असताना तो बऱ्याचदा नॉर्मलच असतो, आणि १०० पैकी ५ ते १० जणांत लुईस रक्तगटाच्या ठेवणीमुळे हे द्रव्य जवळपास बनतच नाही. घराण्यात आणखी कुणाला हा आजार असेल तर तिने जेनेटिक समुपदेशकाला भेटावं, ते जास्त उपयोगाचं.

एका वहीत तारीख, लॅब, सीए १९-९, बिलिरुबिन आणि वजन असे रकाने आखून ठेव. वर स्टेंट टाकल्याची तारीख. ओपीडीत ती वहीच डॉक्टरांपुढे कर. बिलिरुबिन आलं की रात्री कितीही वाजता फोन कर, मी जागा आहे. काकांना नमस्कार, वहिनींना सांग की काका जेवत नसले तरी दर दोन तासांनी थोडं थोडं देत राहा, आणि डॉक्टरांनी पॅन्क्रिएटिक एन्झाइमच्या कॅप्सूल दिल्या असतील तर त्या जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर, नंतर नाही.

तुझा,
अविनाश