‘मार्ग’वाल्यांना, वाशीहून

आदरणीय मुल्कराज आनंद, चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांस,
स.न.वि.वि.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, ठाऊक आहे. तरी लिहितोय, कारण आमचं घर ‘मार्ग’ या कलाविषयक त्रैमासिकाच्या तुमच्या अंकातून निघालंय.

आम्ही लालबागला दहा बाय बाराच्या खोलीत सहा जण. वाशीला दोन खोल्या आणि स्वतःचा संडास मिळाला तेव्हा आईने त्याला हळदकुंकू वाहायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. खाडीपलीकडे नवी मुंबई वसवायची कल्पना कुठल्यातरी सरकारी फायलीतली असणार, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. मग एका ग्रंथालयात ‘मार्ग’चा जून १९६५चा अंक हाती आला: ‘बॉम्बे: प्लॅनिंग अँड ड्रीमिंग’.

‘मार्ग’ म्हटलं की लेणी, नृत्य, लघुचित्रं, गुळगुळीत कागद. आणि इथे दोन वास्तुरचनाकार (कोरिया, मेहता) आणि एक इंजिनिअर (पटेल) सांगत होते की मुंबई नुसती उत्तरेला लांबतेय, ऑफिसं मात्र दक्षिण टोकाला. सकाळी सगळं गाव एका दिशेला धावतं, संध्याकाळी उलट. नुसती घरं बांधून भागणार नाही, नोकऱ्याच खाडीपलीकडे न्या. महापालिकेचा आराखडा नुकताच आला होता. त्यावर हरकती घेऊन मोकळं होता आलं असतं. तुम्ही आख्खं दुसरं शहर मांडलंत.

आनंदसाहेब, तुमचे आभार जरा जास्तच. १९४६ साली हे त्रैमासिक काढलंत तेव्हा त्याचं नावच ‘मॉडर्न आर्किटेक्चरल रिसर्च ग्रुप’ या शब्दांच्या आद्याक्षरांतून घेतलं होतंत, त्यामुळे इमारतींचा विषय तुम्हाला परका नव्हता. तरीही मंदिरं छापायच्या महागड्या कागदावर लोकलची गर्दी आणि जमिनीचा हिशेब छापायला संपादकाला छाती लागते. शिवाय लिहिणारे चाळिशीच्या आतबाहेरचे. तुम्ही त्यांना पानं मोकळी करून दिलीत.

पाच वर्षांनी, मार्च १९७०मध्ये, हे शहर वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि कोरिया-पटेल स्वतःच तिथे कामाला लागले. लिहून नामानिराळे राहिले नाहीत, याचं मला फार वाटतं.

पुढचं तुमच्या मनासारखं झालं नाही. मंत्रालय काही खाडी ओलांडून आलं नाही. नरिमन पॉइंटला भराव आणि टॉवर वाढत राहिले. लोकल वाशीला पोचली ती थेट १९९२मध्ये. आणि ज्यांची भातखाचरं या नकाशाखाली गेली, त्यांना मोबदल्यासाठी लढावं लागलं. जानेवारी १९८४च्या पोलीस गोळीबारात त्यांचे पाच जण गेले. माझ्या घराचे आभार मानताना ते वगळणं मला जमणार नाही.

कोरियासाहेब, बेलापूरचं तुमचं आर्टिस्ट व्हिलेज आमच्या जवळच. सातेक घरांमध्ये एक अंगण, कुणाची भिंत कुणाला चिकटलेली नाही. बऱ्याच जणांनी तुमची घरं पाडून वर मजले चढवलेत, बाल्कन्यांना स्टीलचे कठडे लावलेत. तुम्ही हसला असतात की चिडला असतात, सांगता येत नाही. गेल्या रविवारी गेलो तर एका अंगणात पापड वाळत घातले होते आणि पोरं त्यांना वळसा घालून क्रिकेट खेळत होती.

आपला,
वाशीचा एक रहिवासी