लेसला जीआय मिळाला, विणणारीला काय?

संपादक साहेब,

मध्यंतरी जीआय, म्हणजे ठराविक भागातल्या खास मालाला मिळणारं भौगोलिक मानांकन, मिळालेल्या वस्तूंची यादी चाळत होते, त्यात आंध्रातल्या नरसापूरची क्रोशा लेस दिसली आणि तिथेच थांबले, कारण क्रोशाची सुई शाळेपासून माझ्या हातात आहे. 2024 मध्ये मिळालाय हा टॅग. बातम्यांत नेहमीचंच, परंपरेचं पुनरुज्जीवन वगैरे. आनंद आहेच, पण विणणाऱ्या बायकांची गोष्ट त्यात कुठे येत नाही म्हणून लिहितेय.

नरसापूर पश्चिम गोदावरी जिल्ह्यात आहे, आपली गोदावरी समुद्राजवळ फाटे फुटून जाते ना, तिथलं. 1844 च्या सुमारास मॅक्रे नावाच्या स्कॉटिश मिशनरी जोडप्याने तिथल्या गरीब, नव्याने ख्रिश्चन झालेल्या बायकांना हे काम शिकवलं असं सांगतात. पुढे ते कापू या तिथल्या शेतकरी समाजाच्या घरांत शिरलं. तिथे बाईने मजुरीला बाहेर जाणं कमीपणाचं, पण घरात बसून सुई चालवली तर इभ्रत शाबूत! माल मात्र परदेशी जायचा आणि तो नेणारे, विकणारे, हिशोब ठेवणारे सगळे पुरुष.

सत्तरच्या दशकात मारिया मिस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथे जाऊन अभ्यास केला, तो 1982 मध्ये छापून आला. लाखाच्या वर बायका हे काम करतात असा त्यांचा अंदाज होता, आणि सरकारदरबारी त्यातल्या बहुतेकींची कामगार म्हणून नोंदच नाही, कारण सगळेच म्हणायचे की या गृहिणी, फावल्या वेळात विणतात. फावला वेळ म्हणजे रोजचे सहा ते आठ तास बरं का. दोरा दलाल आणून देणार, तयार काम दलालच नेणार, एकीने फुलं करायची, दुसरीने ती जोडायची, त्या जोडकामाला तेलुगूत अतुकु पनि म्हणतात.

ज्यांनी कधी क्रोशा केला नाही त्यांच्यासाठी सांगते, रुपयाएवढं फूल करायचं तर आधी सहा साखळ्यांची कडी, मग त्यात खांब म्हणजे उंच टाके, मग साखळ्यांच्या कमानी, परत मुके खांब म्हणजे आखूड टाके, आणि बारीक दोरा असेल तर एक टाका चुकला की पूर्ण फेरी उसवा. अशी कितीतरी फुलं लागतात एका टेबलक्लॉथला. मान आणि डोळे दोन्ही कामातून जातात, मी तर हौसेने करते तरी.

आता बाजारात मशीनची लेस येते, लांबून डिट्टो तशीच. हाताच्या कामात शेवटची गाठ सोडून दोरा ओढला की एकेक टाका सरसर उसवत जातो, मशीनची लेस तशी उसवत नाही. दुकानात करून बघू नका अर्थात.

तर जीआयमुळे काय होतं, नरसापूरचं नाव लावून भलताच माल विकणाऱ्याला अडवता येतं. पण विणणारीला दर काय मिळावा याबद्दल जीआयचा 1999 चा कायदा काही बोलत नाही. नोंदणी दहा वर्षांची असते, पुढे रिन्यू करता येते, आणि त्यातच उत्पादकांनी अधिकृत वापरकर्ते, म्हणजे ते नाव आपल्या मालाला लावायचा हक्क असलेले, म्हणून वेगळी नोंद करायची सोय आहे. आता उत्पादक कोण समजायचं, गोदामात गठ्ठे बांधणारा की उंबऱ्यात बसून डोळे फोडणारी? माझ्या मते त्या यादीत आधी बायकांची नावं जायला हवीत, आणि त्यांनी ऑफिसच्या चकरा मारायच्या नाहीत, गावात जाऊन तेलुगूत फॉर्म भरून घ्यायचे. नाहीतर सत्तरच्या दशकात जे गृहिणी म्हणून सोडून दिलं तेच आता टॅग लावून होणार.

तुमच्या पेपरात जीआयच्या बातम्या बऱ्याचदा येतात, फोटोसकट. पुढच्या बातमीत एवढं विचारून छापा की अधिकृत वापरकर्ते किती झाले आणि त्यात स्वतः विणणाऱ्या किती.

— क्रोशा करणारी एक वाचक