गुळवेल : 'हातभर' म्हणजे किती?

संपादक महोदय,

पावसाळा तोंडावर आला की पुरवण्यांमधून काढ्यांच्या कृती येऊ लागतात. आपल्या पुरवणीतही नुकतीच अशी एक कृती आली : गुळवेलीचा हातभर तुकडा, दोन ग्लास पाणी, रोज उपाशीपोटी, वर्षभर. या एका ओळीत वजन नाही, जाडी नाही आणि कोणती वेल, हेही नाही. मुदत तेवढी आहे आणि ती चुकीची आहे.

आधी 'हातभर' घेऊ. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत दीड फूट धरला, तर पेन्सिलीएवढी ताजी वेल पंधरा-वीस ग्रॅम भरते. अंगठ्याएवढी जाड वेल सव्वाशे ग्रॅमच्या पुढे जाते. जाडी दुप्पट झाली की वजन चौपट होतं, इतका साधा हिशेब. म्हणजे शेजारच्या दोन घरांत एकाच कृतीने काढा केला, तरी एकात दुसऱ्याच्या सहा-सात पट औषध पडू शकतं. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशात मात्रा वजनाने दिली आहे : वाळलेल्या खोडाचं चूर्ण ३ ते ६ ग्रॅम, काढ्यासाठी भरड २० ते ३० ग्रॅम. शार्ङ्गधरसंहिता या जुन्या आयुर्वेद ग्रंथाच्या रीतीने काढ्याला सोळापट पाणी घालून आठवा हिस्सा उरवायचा. २० ग्रॅम भरड, ३२० मिलिलिटर पाणी, उघड्या भांड्यात मंद आच, उरले पाहिजेत ४० मिलिलिटर. झाकण ठेवलं की पाणी आटत नाही, मग वेळ झाला म्हणून उतरवलं जातं आणि पेलाभर कडू पाणी पोटात जातं. ताजी वेल असेल तर तिच्यात पाणीच जास्त, त्यामुळे वाळलेल्याचा आकडा ताज्याला जसाच्या तसा लागू पडत नाही.

आता ओळख. पान बदामी आहे एवढ्यावर वेल तोडणारे पुष्कळ. मनी प्लँटचं पानही बदामीच असतं आणि ते चावलं तर तोंडाची आग होते. पहाडवेलीचं पानही लांबून तसंच दिसतं. उलटून पाहिलं की देठ पानाच्या कडेला नसून थोडा आत, ढालीच्या मुठीसारखा जोडलेला दिसतो. सर्वांत धोक्याची काकमारी. गुळवेलीच्याच कुळातली, पानं तशीच बदामी, आणि फळं विषारी. मासे गुंगवायला ती वापरत आले आहेत.

खरी गुळवेल खोडावरून ओळखावी. बाहेरची साल कागदासारखी पातळ, करडी, नखाने सहज सुटणारी; तिच्याखाली हिरवागार थर. खोड मांसल. आडवं कापलं की मध्यापासून कडेपर्यंत गाडीच्या चाकासारखे आरे दिसतात. 'चक्रलक्षणा' हे तिचं संस्कृत नाव त्यावरूनच आलं. देठ लांब, बुडाशी फुगीर आणि अर्धा पीळ घेतलेला. जुन्या वेलीवरून दोऱ्यासारखी मुळं खाली लोंबतात. पानं दोन्ही बाजूंनी गुळगुळीत असतात. खालून मखमली लव असेल तर ती गुळवेलीची दुसरी जात.

आणखी एक जात आहे, टिनोस्पोरा क्रिस्पा. तिच्या खोडावर कारल्याच्या सालीसारखे ठळक फोड असतात. आयुष मंत्रालयाने दोन्ही जातींतले फरक जाहीर केले आहेत : क्रिस्पा करड्या रंगाची, फोडांची, तोडल्यावर दुधासारखा चीक येणारी, फळ लांबट व नारिंगी, आपली गुळवेल पातळ सालीखाली हिरवट, फोड नसलेली, बिनचिकाची, फळ गोल व लाल. मात्र नर आणि मादी वेली वेगळ्या असतात, म्हणून फळाची वाट पाहून उपयोग नाही. नर वेलीला ते कधीच येणार नाही.

कडुनिंबावरचीच गुळवेल घ्यावी, असा आग्रह धरणारे भेटतात. गुळवेल बांडगुळासारखी झाडात मुळं घालत नाही, नुसता आधार घेते. तिचा कडूपणा तिचा स्वतःचा आहे. वैद्यपरंपरेत निंबावरची श्रेष्ठ मानतात हे खरं, पण निंबावरची म्हणून जादा पैसे मोजण्यापेक्षा तोडलेल्या खोडाची जाडी आणि ताजेपणा पाहावा. काजऱ्यासारख्या विषारी झाडावरची मात्र टाळलेली बरी, कारण तोडताना त्याच्या काटक्या आणि पानं त्याच जुडीत येतात.

तोडणी उन्हाळ्यात, शक्यतो मे महिन्यात करावी. पक्व, निदान अंगठ्याएवढं खोड घ्यावं आणि जमिनीलगतचा दीड-दोन फूट भाग ठेवावा. तेवढ्यावर वेल पुन्हा फुटते. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांनी वनधन केंद्रामार्फत, म्हणजे वनोपज गोळा करून विकणाऱ्या सरकारी योजनेतल्या केंद्रामार्फत, गुळवेल गोळा करून औषध कंपन्यांना पुरवली. अशा गावांचं उत्पन्न हे बूड राखण्यावरच टिकतं. तुकडे दोन-तीन सेंटिमीटरचे, जाड असतील तर उभे चिरून, सावलीत पातळ पसरून वाळवावेत. अख्खे तुकडे बाहेरून खडखडीत वाटतात आणि आतला बुळबुळीत गर ओलाच राहून बुरशी धरतो. जूननंतर तोडलेला माल बहुधा इथेच वाया जातो.

गुळवेल सत्त्वाबद्दल, म्हणजे वेलीतून काढलेल्या पांढऱ्या पिठाबद्दल, थोडं सविस्तर, कारण सर्वाधिक फसवणूक त्यात होते. ताजी जाड खोडं धुऊन, पातळ साल खरवडून, दोन इंचांचे तुकडे ठेचावेत. चौपट पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी हाताने खूप कुस्करावेत. पिठाचा दाणा सुटतो तो कुस्करण्याने, नुसत्या भिजण्याने नाही. कपड्याने गाळून पाणी चार-पाच तास हलवू नये. वरचं पाणी अलगद ओतून तळाचा पांढरा साका सावलीत वाळवावा. एक किलो ताज्या वेलीतून साधारण २० ते ४० ग्रॅम सत्त्व मिळतं. उकाड्यात भिजवण जास्त वेळ राहिली तर आंबते, फेस येतो आणि साका नीट बसत नाही. साका पुन्हापुन्हा धुतला तर शुभ्र दिसतो, पण उरलासुरला कडवटपणाही निघून जातो. म्हणून बाजारातल्या दुधासारख्या शुभ्र, अजिबात चव नसलेल्या सत्त्वाबद्दल शंका घ्यावी. बटाट्याचं किंवा आरारूटचं पीठ असण्याचा संभव मोठा. आयोडीनचा थेंब टाकून निळं झालं की खरं, ही चाचणी निरुपयोगी आहे. सत्त्व मुळात स्टार्चच, आणि बटाट्याचं पीठही निळंच होतं.

सत्त्व आणि घन एक नव्हेत. घन म्हणजे काढा आटवून केलेला काळपट, कडू अर्क; त्याच्या ५०० मिलिग्रॅममागे कित्येक ग्रॅम वेल असते. चूर्णाची मात्रा घनाला लावली तर घोटाळा होतो.

राहिली मुदत. २०२० मध्ये आयुष मंत्रालयाच्या कोविडविषयक सूचनांत घनवटी ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पंधरा दिवस ते महिनाभर किंवा वैद्याच्या सल्ल्याने, असं होतं. लोकांनी त्या एकमेकांना पुढे पाठवताना पंधरा दिवसांची मुदत गळाली आणि वैद्यही गळाला. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. या तज्ज्ञांनी वनस्पतीची ओळखच पटवलेली नाही, असा आक्षेप मंत्रालयाने घेतला. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांमधल्या ४३ रुग्णांचा अहवाल आला. त्यांतल्या अनेकांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्याची लक्षणं होती. जात चुकली असेल एवढं म्हणून आयुर्वेदवाल्यांनी हात झटकू नयेत, असं आमचं मत आहे. संधिवात, थायरॉइड, ल्युपस यांसारखा स्वप्रतिकाराचा आजार किंवा यकृताचा जुना त्रास असणाऱ्यांनी, तसंच गरोदर स्त्रियांनी गुळवेल स्वतःहून घेऊ नये. मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर साखर अचानक खाली येऊ शकते. घेताना भूक मेली, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी बंद करून रक्ताची यकृत-तपासणी करून घ्यावी आणि डॉक्टरांना गुळवेल घेतल्याचं सांगावं. हे सांगायचं राहतं आणि कारण शोधण्यात आठवडे जातात.

आपल्याला विनंती एवढीच, की त्या कृतीची दुरुस्ती त्याच पुरवणीत, तितक्याच ठळकपणे छापावी. मात्रा ग्रॅममध्ये द्यावी, मुदत द्यावी, कोणी घेऊ नये तेही द्यावं. आणि सोबत चित्र द्यायचं असेल तर पानाचं नको, खोडाच्या आडव्या कापाचं द्यावं.

आपले,
वनौषधी लागवड आणि चिकित्सेत काम करणारे काही वैद्य व संकलक,
जि. ठाणे